पाटीवरचं मीठ

गोदाबायचं म्हणणं एकच. तिच्या जागेवर सात मजले चढवा नाहीतर सतरा, पाटीवर नाव लागेल ते 'मिठागर'.

ठाण्याच्या खाडीकाठी तिच्या सासऱ्याचं मिठागर होतं, आणि आता जिथे इमारत उठणार होती त्याच अंगणात उन्हाळाभर मिठाच्या राशी पडायच्या. गोदाबायने ते मीठ डोक्यावरून वाहिलेलं. पायाच्या भेगांत खारं पाणी शिरलं की कसं झोंबतं, हे सांगणाऱ्या बाया आता गावात उरल्या नव्हत्या. आगर गेलं, राशी गेल्या. आता नावही गेलं तर आपण इथे होतो याला पुरावा काय, एवढाच तिचा सवाल होता.

कमलेश बिल्डर गावातलाच, तिच्या डोळ्यांदेखत नाक पुसत मोठा झालेला. तो ओट्यावर चकचकीत कागद पसरून बसला होता.

"बाय, मिठागर ऐकलं की गिऱ्हाईक पळेल. बोलेल, खारी जमीन, भिंतींना लोणा येणार."

"तुझ्या सिमेंटात दम नसला तर येईल. नावाने येत नाय."

"ऐका तर! खास एजन्सीकडून नाव काढून आणलंय. सलीना रेसिडेन्सी. एकदम युरोपचं वाटतं की नाय?"

"अर्थ काय त्याचा?"

"अर्थ कशाला पाहिजे? ऐकायला गोड लागतं."

"अर्थ न विचारता नाव ठेवायला ते काय मांजर हाय?" म्हणत तिने आत हाक मारली. "सान्वी, ये गं बाहेर!"

सान्वी तिची नात. डोंबिवलीला क्लास लावून स्पॅनिश शिकत होती, आणि तिकडे तुझी कोण मावशी राहते, असं गोदाबाय तिला येताजाता टोचायची. सान्वी चहाचा कप घेऊनच आली. तिने कागद वाचला आणि तिला असा ठसका लागला की चहा ओढणीवर सांडला.

"काका, सलीना म्हणजे मिठागर! स्पॅनिशमध्ये पण आणि इटालियनमध्ये पण."

कमलेशने कागद उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला दुसरा अर्थ छापला असेल.

गोदाबाय हसली नाही. "नीट सांग."

"आजी, युरोपात जवळजवळ सगळीकडे मिठाचा शब्द एकाच मुळातून आलाय. स्पेनमध्ये साल, फ्रान्समध्ये सेल, जर्मनीत झाल्त्स, रशियात सोल. इंग्रजीतलं सॉल्टही त्याच घरातलं. सॅलड, सॉस, सगळ्यांच्या पोटात मीठ. सॅलरीच्या पण. रोमन लोकांत भत्त्याला मिठावरून नाव पडलं. का पडलं ते मात्र पक्कं कुणालाच माहीत नाही."

"त्यात काय माहीत नसायचंय? कमवताना जो गळतो त्या घामाची चव घेऊन बघ."

कमलेशने मांडीवर थाप मारली. "मग झालंच की, बाय! तुमचं मिठागर पण राहिलं, माझं गिऱ्हाईक पण. कोणाला कळणार सुद्धा नाय!"

सान्वीही आजीकडे आशेने बघू लागली. क्षणभर गोदाबायलाही वाटलं, बरंच झालं, भांडण मिटलं. पण ते 'कोणाला कळणार नाय' तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं.

"कमलेश, ती तिकडची माणसं मिठागराला मिठागर बोलतात. लाजतात काय?"

"नाय."

"मग मी का लाजू? तुझं गिऱ्हाईक सलीनात नाचत येणार, आणि मिठागरात यायला त्याला मुंग्या चावणार? जमीन तीच, खाडी तीच. माझं नाव परक्या पदराआड लपवून मला नको. वर मोठ्या अक्षरांत मिठागर, आपल्या लिपीत. खाली बारीक लाव तुझी सलीना. पाहुणी हाय, राहू दे. जमत नसेल तर हे कागद उचल."

कमलेशने एकदा कागदांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. गोदाबायला सहीपुरतीच अक्षरं येत होती; पण त्या सहीशिवाय इथे एक वीट लागणार नव्हती, आणि हे दोघांनाही पुरतं ठाऊक होतं.

"लावतो, बाय. मोठ्या अक्षरांत."

गोदाबाय आत गेली आणि वाटीत जाडं मीठ घेऊन आली. बोलणी पक्की झाली की दोन्हीकडच्यांनी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवायचं, ही तिच्या सासऱ्याच्या घरची रीत. कमलेशने हात पुढे केला. तिने वाटी त्याच्या हाताला चुकवून खाली ओट्यावर ठेवली.

"मीठ हातात देत नसतात, भांडण होतं. घे उचलून. आपलं आत्ताच मिटलंय."