बुंध्याशी फुटलेली पानं

"मामा, ती झाडं सफरचंदाची आहेत हे तुला कुणी सांगितलं?"

विचारायची पैज माझ्या मैत्रिणींची, इत्तो आणि तोडाची. "तुझ्यात दम नाही," म्हणाल्या होत्या. म्हणून मी भर चहात, सगळ्यांसमोर विचारलं. बास्सूमामाने पेला खाली ठेवला.

"सांगायला कशाला हवं? डोळे आहेत की."

आमच्याकडे जमीन वाटत नाहीत, झाडं वाटतात. आजोबा गेल्यावर सफरचंदं मामाची आणि नाशपाती आईची, असं ठरलं. भांडण फक्त पाटाकडेच्या रांगेचं. आजोबांनी शेवटी लावलेली ती झाडं अजून फळलीच नाहीत. शुक्रवारी जमात, म्हणजे गावची वडीलधारी मंडळी, निवाडा करणार होती. आईच्या वाट्याच्या जुन्या नाशपाती वठल्यात; रांग गेली तर तिच्याकडे नुसती खोडं उरणार.

मामाने खिशातून एक पान काढलं. "पालथं करून बघ. लव लागते ना? नाशपाती गुळगुळीत असते. शाळेत शिकवत नाहीत वाटतं?"

लव होती खरी. बाबांनी मान डोलावली. पण पान खिशात घालून चहाला कोण येतं?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच आम्ही तिघी पाटावर. फांद्यांची पानं चकचकीत, लांब देठांची, पालथी केली तरी गुळगुळीत.

"मग मामाचं पान आभाळातून पडलं?" इत्तो म्हणाली.

तोडा बुंध्याशी बसली. कलमाच्या गाठीखाली धुमारे फुटले होते. पानांना लव भरपूर, पण कडेला एकही दाता नाही. सफरचंदाच्या पानाला दाते असतात. एक धुमारा तर नुकताच मोडलेला.

"अगं, ही बिही. आई मटणात घालते ते आंबट फळ. आमच्या दारातच झाड आहे," तोडा म्हणाली.

मग काय राहिलं? बिहीच्या बुंध्यावर आमच्याकडे नाशपातीचंच कलम बांधतात, सफरचंद त्यावर धरत नाही.

"चुकला असेल गं मामा," इत्तो म्हणाली.

"फांद्या नाकासमोर असताना चुकणारा माणूस पानासाठी बुंध्याशी वाकतो कशाला?" मी म्हणाले.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "मी बोललो तर बास्सू म्हणेल, जावयाचा काय संबंध."

आई भाकरी मोडत राहिली. "मी बोलले तर भाऊ तुटेल."

"मग शुक्रवारी जमातीसमोर मी बोलणार आहे," मी म्हणाले. "आणि बोलायच्या आधी सगळ्या म्हाताऱ्यांना त्या बुंध्याशी वाकायला लावणार आहे."