मी गोदाबाईला ओळखलं

मित्रांनो, मी एक स्वस्तातला ड्रोन आहे. जुना म्हणावं इतकं माझं वय नाही, पण माझं उडणं कधीच संपलं आहे. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये, ऑफिसच्या भिंतीवर मी टांगलेला असतो. खाली पाटी आहे : 'पहिली यशस्वी चाचणी'. येणारे-जाणारे ती वाचतात आणि माझ्याकडे कौतुकाने पाहतात. अशा वेळी मला मान खाली घालता आली असती तर बरं झालं असतं.

माझा जन्म याच शेडमधला. शेडचे मालक महादेवराव पूर्वी कपाशीवर फवारणी करणारे ड्रोन बनवायचे. मग सैन्याला स्वस्त ड्रोन हवे आहेत, असं त्यांच्या कानावर आलं. एकदाच उडायचं, शत्रूवर आदळायचं आणि संपायचं, असे ड्रोन. म्हणून माझ्यात महागाचं काहीच नाही. थर्माकोलचे पंख, प्लायवूडचं अंग, फवारणीच्या ड्रोनची मोटर आणि मोबाइलमध्ये असतो तसला कॅमेरा.

मला पाहायला शिकवलं ते अकोटच्या प्रणालीने. ती या शेडमध्ये इंजिनिअर होती. तिने मला माणसांचे ढीगभर फोटो दाखवले. उभी माणसं, वाकलेली, पळणारी, झाडाआड लपलेली. मी माणूस बरोबर ओळखला की ती हसायची. त्या हसण्यासाठी मी जीव लावून शिकलो.

"लढाईत शत्रू आपला सिग्नल तोडते," महादेवराव तिला सांगायचे. "मंग यानं आपल्याच डोक्यानं निशाणा धरला पायजे. माहा पुतण्या सीमेवर हाय, प्रणाली. त्याले पुढं धाडण्यापेक्षा हे थर्माकोल गेलेलं बरं."

ते खोटं बोलत नव्हते. प्रणालीलाही ते पटायचं.

कापूस वेचणीच्या दिवसांत माझी चाचणी ठरली. अकोटच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एक पडीक वावर होतं. त्यात शर्ट-पँट घातलेलं एक बुजगावणं उभं केलं. माझ्या पोटात स्फोटकांऐवजी वाळू आणि चुन्याची पिशवी भरली. आजूबाजूच्या शेतमालकांना शेतं रिकामी ठेवण्याचा निरोप गेला होता. वेचणीच्या मजुरांपर्यंत तो पोहोचला नव्हता.

मी वर गेलो आणि ठरल्याप्रमाणे त्यांनी सिग्नल तोडला. आता मला कुणी काही सांगू शकत नव्हतं. खाली बुजगावणं दिसलं. आणि धुऱ्याच्या बांधापलीकडच्या कपाशीत एक बाई दिसली. वाकून वाकून तिची पाठ अवघडली असावी. ती सरळ उभी राहिली आणि दोन्ही हात पसरून तिने अंग मोकळं केलं. बुजगावण्यापेक्षा ती कितीतरी जास्त माणसासारखी होती. मी तिच्यावर झेपावलो.

कॅमेऱ्यात ती मोठी होत गेली. तिने वर पाहिलं. कपाळावरचा घाम, कमरेला बांधलेली कापसाची ओटी, डोळ्यांतली भीती, सगळं मला स्वच्छ दिसलं. थांबायचं कसं, ते मात्र मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

तिचं नाव गोदाबाई. तिचा खांदा मोडला, डोळ्यांत चुना गेला. प्रणाली सऱ्या तुडवत धावत आली आणि कॅनमधल्या पाण्याने तिचे डोळे धुऊ लागली. महादेवरावांनी आपल्या गाडीत घालून तिला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं.

इकडे शेडमध्ये माझा व्हिडिओ पाहून एक जण म्हणाला, "मानलं लेका याले. बुजगावण्याले भुललाच नाही. बराबर माणूसच धरला." माझा तुटलेला पंख चिकटवला गेला. पाटीही आली.

काही दिवसांनी प्रणाली दवाखान्यातून थेट शेडवर आली.

"काका, त्यांच्या एका डोळ्यानं आता धूसरच दिसन," ती महादेवरावांना म्हणाली. "त्या मले म्हणे, 'पोरी, थे मले पाहून राह्यलं होतं ना? मंग काहून नाही थांबलं?' मी काय सांगू त्यायले?"

तिने भिंतीवरच्या माझ्याकडे बोट दाखवलं.

"मी बदल करतो यात," ती म्हणाली. " माणसानं हो म्हटल्याबिगर झेप नाही घेणार."

"सिग्नल तुटला तं हो कोन म्हनन?"

"मंग वापस फिरन."

"वापस फिरनारा ड्रोन कोनी घेत नाही, बाई," महादेवराव हळूच म्हणाले.

प्रणालीने काम सोडलं. ती आता अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवते. जायच्या दिवशी ती माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "तुही चूक नाही. मी शिकवलं तेच तू केलं." मित्रांनो, तेवढ्याने माझं ओझं हलकं झालं नाही. पाहिलं तर मीच होतं.

त्यानंतर माझी पुष्कळ भावंडं तयार झाली. त्यांचे डोळे हुबेहूब माझे. खोक्यांत भरून त्यांना ट्रकवर चढवतात तेव्हा मी पाहत असतो. त्यांच्या पोटात वाळू भरणार नाहीत. महादेवरावांनी आपली खुर्चीही फिरवून घेतली आहे. ते आता माझ्याकडे पाठ करून बसतात.

मध्ये एकदा शाळेची मुलं आली होती. माझी गोष्ट ऐकून त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना अर्धीच गोष्ट सांगितली होती, म्हणून उरलेली मी तुम्हाला सांगितली. उद्या तुमच्यातलाही कुणी यंत्र घडवेल. त्याला पाहायला शिकवण्याआधी थांबायला शिकवा. आणि नेम अचूक लागला असं कुणी सांगितलं, तर टाळीसाठी हात उचलण्यापूर्वी एवढंच विचारा : कुणाला?