आपल्या माणसांचा माल

भिंगारमधलं अजिनाथचं सुपरमार्केट म्हणजे पूर्वीचं किराणा दुकानच. आता गिऱ्हाइकाला आत फिरता येतं आणि हातात टोपली मिळते, एवढाच काय तो सुपरपणा. नवरात्राच्या पहिल्याच दिवशी गल्लीतल्या मंडळाची माणसं भगवे गोल स्टिकर घेऊन आली. त्यांवर छापलं होतं, 'आपल्या माणसांचा माल'. गोडीत म्हणाली, अजिनाथशेठ, निदान उपासाच्या रॅकवर तरी लावा, आयाबायांना कळू द्या कुणाच्या हातचं खातोय ते. असल्या गोडीमागं काय असतं, ते दुकानदाराला बरोबर कळतं. अजिनाथनं मुकाट चहा मागवला.

मग बसला लावत. साबुदाणा, भगर, राजगिऱ्याचे लाडू. भगर कुठल्या गिरणीतली, लाडू कुणी वळले, देव जाणे. पण स्टिकर बसले. अडलं ते बटाट्याच्या चिवड्यापाशी. पाकिटावर नाव होतं, रोझी साळवे. रोझीताई त्याची शेजारीण, भिंतीला भिंत लागून घर, दर रविवारी चर्चला जाणारी. अख्ख्या रॅकमध्ये करणारीचा हात त्यानं डोळ्यांनी पाहिलेला असा माल तेवढाच, आणि नेमका तोच 'आपला' ठरेना. काय म्हणावं या अकलेला! त्यानं तिची पाकिटं उचलली आणि मागं अंड्यांच्या ट्रेशेजारी नेऊन ठेवली. ठेवताना इकडंतिकडं बघितलं, म्हणजे कळत होतं की त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोझीताई ताजा चिवडा घेऊन आली. उपासाच्या रॅकपुढं थांबली, वरखाली बघितलं, शेवटी तिला पाकिटं अंड्यांपाशी सापडली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती घाबरली.

"अजिनाथभाऊ, माझ्याकडून काही चुकलं का?"

आता इथं तरी खरं बोलावं की नाही माणसानं? पण गड्याच्या तोंडून भलतंच निघून गेलं. म्हणाला, बायकांची तक्रार आलीय, चिवड्यात साधं मीठ लागतंय, सैंधव नाही. उपासाच्या पदार्थात साधं मीठ, म्हणजे खाणारीचा उपास मोडलाच. रोझीताईचं तोंड एवढंसं झालं. तिनं वाद घातला नाही, आणलेली पिशवी तशीच उचलून घरी गेली. अजिनाथला वाटलं, चला, मिटलं एकदाचं.

मिटतंय कुठलं! संध्याकाळी तो घरी आला, तर रोझीताई ओट्यावर त्याच्या आईसमोर, भागूबाईसमोर, उभी. दुपारपासून ती बाई ओळखीच्या घरोघर फिरत होती. मीठ मी सैंधवच आणते, पण पुडा बदलला असेल, तुमचा उपास माझ्यामुळं मोडला, मला माफ करा, असं एकेकीला सांगत होती. भागूबाईचे तर नवरात्राचे सगळे उपास. म्हणून इथं यायला तिचा पाय उचलत नव्हता, ती सगळ्यात शेवटी आली होती.

म्हातारीनं तिचा हात धरला. "अगं, म्या खाल्लाय की तुजा चिवडा. सैंधवच हाय. कोन म्हनलं तुला?"

रोझीताईनं अजिनाथकडं बघितलं. तिला अजूनही वाटत होतं, हा त्या तक्रार करणारीचं नाव सांगेल. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला.

"मीठ चांगलंच हुतं, ताई," तो कसाबसा बोलला. "तुमच्या नावापायी काढला मी चिवडा. मंडळाची मानसं आल्ती."

भागूबाईनं रोझीताईचा हात सोडला नाही, लेकाकडंही बघितलं नाही. अजिनाथ घाईघाईनं बोलत सुटला. उद्या उघडल्या उघडल्या पाकिटं जागेवर लावतो, स्टिकर सगळे काढून टाकतो, त्या बायकांना मी स्वतः जाऊन खरं सांगतो. रोझीताईनं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हातारीच्या हातातून हळूच हात सोडवून घेतला.

"नका सांगू, भाऊ. मिठाचंच राहू द्या," ती म्हणाली. "मीठ मला बदलता येतं."

ती चपला घालून पायऱ्या उतरली. अजिनाथ ओट्याखाली तसाच उभा राहिला, आणि भागूबाईनं त्याला आत ये म्हटलं नाही.