गिरजाघराचे कवेलू

गिरजाघर वाचवायचं म्हणून मी गावोगाव फिरून एकशे अकरा सह्या गोळा केल्या, तीनदा नागपूरला खेटे घातले आणि शेवटी ते मीच पाडलं. जेसीबी कुणाचा होता, हा मुद्दा वेगळा.

कोहमाऱ्याहून देवरीकडे जाताना ते डाव्या हाताला होतं. जंगलाच्या आणि रेल्वेच्या इंग्रज साहेबांनी आपल्या मुलखातल्या गावच्या चर्चसारखं बांधून घेतलेलं. टोकदार कमानी, बाहेरून भिंतींना टेकू दिलेले दगडी खांब, समोर घंटेचा चौकोनी मनोरा. छपराला मात्र तिकडच्यासारखी पाटीच्या दगडाची फरशी मिळाली नसावी, म्हणून छपराखालच्या सागवानी तिकोनी कैच्यांवर आमच्या कुंभाराचे कवेलू, म्हणजे मातीची कौलं, चढले. साहेब गेले तेव्हा चावी माझ्या आजोबांकडे राहिली. आम्ही धान पिकवणारी हिंदू माणसं, येशूच्या प्रार्थनेतलं आम्हाला ओ की ठो कळत नाही. तरी पंच्याहत्तर वर्षं ती चावी आमच्या देवघरातल्या खुंटीला टांगलेली होती.

आमच्याकडे दर उन्हाळ्यात घराची फेरणी करावी लागते. वानरं छपरावर नाचून कवेलू फोडतात. मग सगळे कवेलू उतरवायचे, फुटके बाजूला काढायचे, त्यांच्या जागी नवे घालून पुन्हा ओळी लावायच्या. माझे बाबा, यादोराव, आधी गिरजाघराची फेरणी करायचे आणि मग आमच्या घराची. त्यावरून आईनं त्यांना आयुष्यभर बोल लावले. आमच्या स्वयंपाकघरात भांडी मांडून ठेवायची वेळ आली, पण गिरजाघरात कधी थेंब गळला नाही.

मग रस्ता रुंद होणार असल्याचं कळलं आणि गिरजाघर नेमकं त्याच्या आड आलं. वास्तू संरक्षित ठरली तर रस्ता थोडा वळवू, नाहीतर पाडू, असं कचेरीत स्पष्ट सांगितलं. मी अर्ज केला. सात महिन्यांनी वारसा बघणाऱ्या खात्याच्या मॅडम पाहणीला आल्या.

त्या आत शिरल्या, मान वर करून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "इतकं टिकलेलं चर्च मी या भागात पाहिलं नाही."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला हाव सुटली. सरकारी कागदावर आमच्या घराचं नाव यावं, असं वाटलं. दाराशी उभ्या असलेल्या बाबांना मी म्हणालो, "सांगा ना बाबा, कोणी सांभाळलं ते."

तीन-तीन दिवस तोंड न उघडणारा माणूस पाऊण तास बोलला.

"हे कवेलू म्हणता? एकबी जुना नाही जी. दरसाल बदलवतो. त्या तीन कैच्या उधईनं खाल्ल्या होत्या, आमी चिचगडहून साग आणून नव्या बसवल्या. दाराची चौकट माह्याच हातची. रंगीत काच वादळानं फुटली, तं साधी लावली. चुना दर दिवाळीले मारतो."

मॅडम भराभर लिहून घेत होत्या. मी खुशीत होतो. यादोराव कसं लिहायचं, तेही मीच त्यांना सांगितलं.

तीन महिन्यांनी पत्र आलं. बाबा ओसरीवर बसले होते. म्हणाले, "माहं नाव हाय का त्याच्यात?"

"आहे," मी म्हणालो.

त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं आणि नीट सावरून बसले. "मंग काऊन थांबला? वाच ना."

मी वाचलं. छप्पर, कैच्या, दरवाजे व गिलावा मूळ नाहीत. स्थानिक रहिवासी यादोराव यांच्या कबुलीनुसार अप्रशिक्षित व्यक्तींनी वेळोवेळी बदल केले आहेत. वास्तूची अस्सलता नष्ट झाल्याने ती संरक्षणास अपात्र आहे.

कबुली म्हणे. चोराची असते तशी. मला इतकी लाज वाटली की पत्राची घडीसुद्धा नीट घालता येईना.

बाबांनी पंचा पुन्हा खांद्यावर टाकला. मग एवढंच विचारलं, "म्हंजे गळू देल्लं असतं, तं वाचलं असतं?"

मी हो म्हणालो. खोटं बोलायला हवं होतं, पण ती अक्कलही मला वेळेवर सुचत नाही.

एप्रिलमध्ये भिंतीवर पाडकामाची नोटीस चिकटली. त्याच आठवड्यात बाबा शिडी घेऊन निघाले. मी आडवा आलो. म्हटलं, महिन्याभरात पडणार आहे ते, आता कायले चढता? ते म्हणाले, "पडाचं हाय म्हून गळू द्याचं का?" चार दिवस लावून त्यांनी पूर्ण फेरणी केली. मी खालून कवेलू देत होतो. मेच्या अखेरीस जेसीबीनं दोन तासांत सगळं आडवं केलं. चावी अजून खुंटीलाच आहे. ती काढा म्हणायची माझी हिंमत होत नाही.

परवा मॅडमचा फोन आला. पलीकडच्या जिल्ह्यात एक चर्च संरक्षित झालं आहे. चाळीस वर्षं ओस पडलेलं, छप्पर आत कोसळलेलं, भिंतीत पिंपळ उगवलेला, पण सगळं अस्सल. आता त्यावर पूर्वीसारखे कवेलू चढवायचे आहेत आणि जाणकार माणूस मिळत नाही. तुमचे वडील येतील का, असं त्यांनी फार गोड आवाजात विचारलं.

मी फोन हातात धरूनच बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "चाळीस वर्सं तिथं कोनं हात नाही लावला?"

"कोणीच नाही."

"मंग त्या बाईले सांग, यादोरावनं हात लावला तं तेबी बाद होईल."

मी जसंच्या तसं सांगितलं. मॅडम मनापासून हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतो आहे.