चौथ्या प्रश्नाचं उत्तर

भोंग्याला खरं नाव होतं, पण लाँड्रीत ते फक्त हजेरीपटाला ठाऊक. वाफेच्या मशिनांच्या गदारोळातही ज्याचा आवाज शेवटच्या टेबलापर्यंत पोचतो, त्याला दुसरं काय म्हणणार? म्हणून निवडणूक आली की युनियनचं वाचन त्याच्याच गळ्यात पडायचं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं.

पद्धत अशी, की युनियन प्रत्येक उमेदवाराला पाच प्रश्न पाठवायची. उत्तरांची बंद पाकिटं जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोरच फोडायची, भोंग्याने मोठ्याने वाचायचं, मग हात वर. ज्याला जास्त हात, त्याची शिफारस. आधी कोणी डोकावायचं नाही, सचिवानेही नाही.

यंदा नगरपालिकेला भोंग्याचा मेहुणाच उभा होता. सासरी भोंग्याला कोणी वाईट बोलायचं नाही, पण त्याचं मतही कोणी विचारायचं नाही. सकाळी निघताना बायको एवढंच म्हणाली होती, की दादाचं जरा नीट वाचा.

तीन उत्तरं झकास गेली. चौथा प्रश्न सगळ्यांच्या पोटाचा होता: नगरपालिकेच्या दवाखान्याच्या चादरींचं काम लाँड्रीकडून काढून ठेकेदाराला देणार का? मेहुण्याने लिहिलं होतं, 'आत्ताच शब्द देता येत नाही. निवडून आल्यावर कागद बघून ठरवीन.' भोंग्याच्या डोळ्यांनी ते वाचलं आणि तोंड भलतंच बोलून गेलं.

"ठेकेदाराला पाऊल ठेवू देणार नाही. हा माझा शब्द."

टाळ्या पडल्या, पाचवं उत्तर त्यातच वाचून झालं. हात असे वर गेले की सचिवाने मोजायचंच सोडून दिलं. भोंग्याने कागदाची घडी करून ती फायलीत सरकवली. त्याला दरदरून घाम फुटला होता, पण लाँड्रीत घामाचं कोणाला काय नवल!

चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. भोंग्याच्या समोरचं टोक अकरा वर्षं मावशीच्या हातात होतं. मावशी कुणाचीच मावशी नव्हती आणि सगळ्यांची होती. शिफारस झाल्यापासून ती गल्लीत घरोघर फिरत होती. "आमच्या भोंग्याने वाचलंय," म्हणायची, "मी या कानांनी ऐकलंय." दर घडीला ती टोकं जुळवायला जवळ यायची आणि भोंगा चादरीकडे बघत राहायचा. रोज ठरवायचा, आज सांगून टाकू. रोज पुढची चादर उचलायचा. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

मतदानाला दोन दिवस उरले आणि मेहुणा आभार मानायला आला, तोही जेवणाच्या सुट्टीतच.

"चौथ्या प्रश्नाला मी शब्द दिला नाही," तो म्हणाला, "कारण खोटं सांगून मत मागणं मला जमत नाही. तरी तुम्ही माझी शिफारस केलीत. एवढ्या मोठ्या मनाची माणसं मी पाहिली नव्हती." मग भोंग्याकडे वळून त्याने हात जोडले. "भाऊजी, तुमचे तर उपकारच झाले."

घास हातातले हातात राहिले. मेहुण्याला काही कळेना, तो हात जोडूनच उभा. सचिवाने फाईल उघडून कागद काढला आणि सवयीने भोंग्यापुढे धरला. मधेच मावशीने हात घालून तो घेतला.

"मावशी, मी वाचतो," भोंगा म्हणाला. "आता खरं वाचतो."

ते ऐकून मेहुण्याचे हात हळूच खाली आले.

"नको रे," मावशी म्हणाली. "तू बस."

मावशीला वाचता यायचं, पण अक्षर अक्षर लावून. एरवी तिने पाटी वाचली तरी पोरी खिदळायच्या. आज कोणी हसलं नाही. "आत्ताच... शब्द... देता..." बोट ओळीखालून सरकत होतं. 'निवडून'पर्यंत आली आणि पुढच्या शब्दाला अडली. तो शब्द भोंग्याला पाठ होता. त्याचं तोंड उघडलंसुद्धा.

"तिला वाचू दे," शेजारची बाई म्हणाली, त्याच्याकडे न बघता.

भोंग्याने तोंड मिटलं. मावशीने पहिल्या अक्षरापासून पुन्हा सुरुवात केली, आणि जेवण संपल्याची घंटा झाली तरी एकही माणूस जागचं उठलं नाही.