करडईवर ज्वारीची चिठ्ठी

परभणीतल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये १९९३ साली दोन यंत्रं होती आणि चांगली सात-आठ मुलं. त्यांतली मनकर्णा पेडगावहून एसटीनं यायची. शनिवारी बियाणं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेचे दिनकरराव येणार होते. प्रोग्राम पाहून एकाला कामावर घेणार होते. ती जागा मिळाली नाही, तर मनकर्णाचं शिकणं दिवाळीनंतर बंद, असं तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं.

प्रोग्राम तिनंच लिहिला होता. त्यात 'पीक' हा मूळ वर्ग, म्हणजे नोंदीचा साचा, आणि त्यातून निघालेली दोन भावंडं, 'ज्वारी' आणि 'करडई'. मी मुलांना फळ्यावर पेट्या काढून दाखवायचो. वरचे खण दोघांचे सारखे, गाव आणि वाण. खालच्या खणात मात्र ज्वारीचा ओलावा आणि करडईचं तेल. पॉइंटर म्हणजे पेटी कुठं आहे ते सांगणारी चिठ्ठी. पेटी करडईची आणि चिठ्ठी ज्वारीची, असं चालायचं नाही.

शुक्रवारी मनकर्णा गेल्यावर त्याच यंत्रावरचा तिचा जोडीदार भुजंग बियाण्याच्या नमुन्यांची माहिती भरत बसला. आपल्याकडं ज्वारीत मधूनमधून करडईची ओळ पेरतात, आणि विचारलं तर रान ज्वारीचं म्हणून सांगतात. भुजंगनंही तसंच केलं. सगळे नमुने ज्वारीच्या तपासणीत घातले. प्रोग्राम चालवण्याआधी तपासणारा कंपायलर करडई घेईना. त्यानं मला विचारलं. दाराला कुलूप लावायच्या घाईत मी म्हणालो, पुढं कंसात ज्वारी लिही, म्हणजे तो ज्वारीच समजून गप्प बसतो.

शनिवारी दिनकररावांनी नमुन्यांतली एक पुडी उचलली आणि तिचा क्रमांक सांगितला. पडद्यावर उमटलं, ओलावा अठ्ठावीस, साठवू नये. त्यांनी पुडीतला पांढरा दाणा दाताखाली धरला. तो कडकन फुटला.

"ही करडई आहे, आणि चांगली वाळलेली. अठ्ठावीस हे तेल असेल. कुणी लिहिलं हे?"

"मनकर्णाचा हाय प्रोग्राम," भुजंग म्हणाला.

मनकर्णानं त्याच्याकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. तो कंस कुणी घातला आणि कुणी सांगितला, हे मला ठाऊक होतं. आधी शाळेत आणि मग इथं, तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो होतो की चूक कबूल करायला लाजू नये. मी पडद्याकडं बघत राहिलो. दिनकररावांनी वहीतल्या तिच्या नावावर रेघ मारली आणि भुजंगला त्याचं पूर्ण नाव विचारलं.

त्यांची जीप गेल्यावर मी तिला ती ओळ दाखवली. सगळं सांगितलं. उद्याच दिनकररावांना पत्र लिहितो म्हणालो. तिनं कंस पुसला आणि प्रोग्राम पुन्हा चालवायला दिला. कंपायलरनं लगेच चूक दाखवली.

"बघा अप्पा," ती म्हणाली, "यानं सांगितलं होतं. तुमी न्हाई सांगितलं."

पेडगावची गाडी सव्वापाचला होती. ती चारलाच उठली.