टिल्लूचा पाय डब्याबाहेर

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. किराणा दुकानातला नाही हं! माझ्यावर साखर-डाळ कधी चढली नाही. चढले ते उंदीर. पांढरे, गुबगुबीत आणि एकजात वात्रट.

मी होतो प्रयोगशाळेत. तिथे माणसाने बनवलेलं रक्त तपासायचे, अंगभर प्राणवायू पोचवणारं. शंका एकच होती. यकृताचा तुकडा कापला की ते हळूहळू परत वाढतं. ते वाढत असताना हे रक्त दिलं, तर त्याला बाधणार तर नाही? म्हणून उंदराचं ऑपरेशन, मग ते रक्त, मग रोज सकाळी वजन.

वजन तिथली एक ताई करायची. डबा ठेवायची, शून्याचं बटण दाबायची, मग उंदीर आत. त्यांना नाव द्यायचं नाही, असा तिथला नियम. पण एक बेटा मुद्दाम पाय डब्याबाहेर माझ्या कडेला टेकवायचा आणि माझे आकडे नाचवायचा. "टिल्लू, पाय आत घे रे! काट्याला चक्कर येईल," ताई हसायची. मला काय, गुदगुल्याच!

ऑपरेशननंतर टिल्लू डब्यात नुसता पडून राहिला. आकडा अगदी स्थिर. असला शहाणा आकडा मला नको होता. ताई बोटावर ओला खाऊ धरून बसायची. "खा रे राजा, एवढंसं खा."

आणि एका सकाळी आकडे नाचले. पाय बाहेर!

ताई धावत प्रयोग चालवणाऱ्या सरांकडे गेली. "सर, टिल्लूचं वजन भरून आलं! याला ठेवून नाही का घेता येणार?"

सर चष्मा पुसत राहिले. "अगं, यकृत आतून बघितल्याशिवाय हे रक्त माणसाला कसं द्यायचं? तुला पहिल्यापासून माहीत होतं ना?"

"होतं, सर."

मला नव्हतं, मित्रांनो.

भुलीचं औषध मापायला शेवटचं वजन माझ्यावरच झालं. टिल्लूने पाय बाहेर टेकवला. त्या दिवशी ताई 'आत घे' म्हणाली नाही. बराच वेळ तिने माझे आकडे नाचू दिले.

दुपारी माझ्यावर एक काचेची ताटली आली. तीत टिल्लूचं यकृत. पुरतं वाढलेलं, निरोगी. "छान आहे," सर म्हणाले, अगदी हळू.

दुसऱ्या सकाळी ताईने सवयीने डबा ठेवला, शून्य केलं आणि वळली. पिंजरा धुऊन पालथा घातलेला होता.

आता मी कपाटावर धूळ खातोय. नवा काटा भारी हुशार. उंदीर कितीही वळवळला तरी त्याचा आकडा हलत नाही म्हणे.

मित्रांनो, तुमच्या घरचं कुणी ऑपरेशन होऊन हिंडूफिरू लागलं, तर खुशाल नाचा. फक्त एखादा इवलासा जीव हातात घ्याल, तेव्हा हलक्या हाताने घ्या. आणि त्याने पाय बाहेर काढलाच, तर लगेच आत ढकलू नका.